पाच मिनिटांची सरासरी

चारकोपच्या सेक्टरांमधून चालताना मान वर करून पाहावं. जागतिक बँकेच्या कर्जातून १९८५ साली सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने इथे लहान लहान भूखंड आखून दिले. मधे सामाईक अंगण आणि भोवती घरं, अशा सोसायट्या उभ्या राहिल्या. बैठ्या घरांसाठी आखलेल्या या जागांवर आता मजले चढलेत, वर भाडेकरू आलेत, आणि पत्र्यावरून गच्चीवर, गच्चीवरून खांबावर काळ्या बारीक तारा गेल्यात. घरं वाढली तशी प्रत्येक तारेवरची माणसं वाढली. आखणारा किती घरं धरून आखतो आणि प्रत्यक्षात किती येतात, हा प्रश्न चारकोपला नवा नाही.

यातल्या बऱ्याच तारा ज्यांच्या, त्या स्थानिक इंटरनेट पुरवठादाराकडे मी संध्याकाळी जाऊन बसत असे. सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांची सुरुवात केबल टीव्हीतली, आखाती युद्धानंतर घरोघर केबल आली त्या काळातली. तेव्हाच्या आणि आताच्या कामात फरक काय, असं विचारलं तर म्हणतात, "तेव्हा मॅचचं टेन्शन नव्हतं." केबलवर सामना दहा घरांनी पाहिला काय आणि हजार घरांनी पाहिला काय, तारेतला सिग्नल तोच. इंटरनेटवर मात्र प्रत्येक घर तो सामना आपापला मागवतं. एका सोसायटीतली पस्तीस घरं एकच षटकार पाहत असली, तरी तो षटकार तारेतून पस्तीस वेळा जातो. १९ नोव्हेंबर २०२३ ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात एकट्या हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक होते. त्यातले काही दादांच्या तारांवर होते.

त्यांच्या खोलीत एक रॅक, खाली बॅटऱ्या, कोपऱ्यात फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन. रॅकमधल्या ओएलटी नावाच्या यंत्राच्या प्रत्येक पोर्टमधून एक काचेची तार निघते आणि पुढे स्प्लिटर लावून ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. या जीपॉन पद्धतीत एका पोर्टची क्षमता घरांकडे जाताना सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिट, घरांकडून येताना त्याच्या निम्मी. आता ६४ घरांना १०० मेगाबिटचा प्लॅन दिला तर बेरीज ६.४ गिगाबिट होते. म्हणजे क्षमतेच्या अडीचपट विक्री. ही फसवणूक नव्हे. सगळे एकाच क्षणी येत नाहीत, या हिशेबावरच टेलिफोनपासून प्रत्येक जाळं उभं राहिलंय. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये तो हिशेब संभाव्यतेच्या गणितात बसवला. किती लाइनी ठेवल्या तर किती लोकांना थांबावं लागेल, हे त्यांच्या सूत्रांवरून काढता येऊ लागलं.

दादांच्या पडद्यावर आलेख असतो. हिरवा डोंगर म्हणजे आत येणारा डेटा, निळी रेघ म्हणजे बाहेर जाणारा. टोबी ओटिकर यांनी १९९५ मध्ये लिहिलेल्या एमआरटीजी या प्रोग्रॅमने ही रंगांची आणि दर पाच मिनिटांनी एक नोंद घेण्याची सवय जगभर लावली. आठवडाभर आलेख पाहिला की वस्तीचं वेळापत्रक कळतं. पहाटे सपाट, सकाळी सातनंतर चढ, घरून काम करणाऱ्यांचा दुपारचा पठारी भाग, शाळा सुटल्यावर एक उंचवटा, आणि रात्री साडेनऊ ते अकरा शिखर. पुढच्या मंगळवारचं भाकीत करायचं तर मागच्या मंगळवारांची तीच वेळ घ्यायची, त्यात ग्राहकवाढीचा कल मिळवायचा, आणि ताज्या आठवड्याला जुन्यापेक्षा जास्त वजन द्यायचं. होल्ट आणि विंटर्स यांची १९५७ ते १९६० च्या सुमाराची ही रीत मुळात विक्रीच्या अंदाजासाठी होती. आठवड्यात पाच-पाच मिनिटांचे २,०१६ कप्पे पडतात आणि प्रत्येक कप्प्याला आपला अंदाज मिळतो. साध्या दिवशी ते नीट जुळतं.

साध्या नसलेल्या दिवसांसाठी भिंतीवर कालनिर्णय आहे. त्यावर लाल पेनाच्या खुणा: सामने, परीक्षा संपण्याचे दिवस, गणपतीच्या आगमनाच्या मिरवणुका. उंच मूर्ती येते तेव्हा आडव्या तारा बांबूने उचलून धराव्या लागतात आणि एखादी तुटतेच. मग त्या गल्लीचा भार दुसऱ्या मार्गावर जाईल हे आधी धरावं लागतं. बारावीच्या निकालाला मात्र खूण नसते. निकालाचं पान हलकं, ताण पडतो तो निकाल देणाऱ्या सर्व्हरवर, गल्लीतल्या तारेवर नाही. जुलैत लोकल बंद पडल्या की मात्र भर दुपारी रात्रीचा डोंगर उभा राहतो, आणि तो कुठल्याच मंगळवारात सापडत नाही. २०२० च्या मार्चमधल्या टाळेबंदीत तर सगळे मंगळवार एकदम निरुपयोगी झाले. तेव्हा देशातल्या व्हिडिओ कंपन्यांनी एकत्र ठरवून मोबाइल नेटवर्कवर चित्राची गुणवत्ता ४८० पिक्सेलपर्यंत उतरवली होती.

एका रात्री दहाच्या सुमारास एका सोसायटीतून फोन आला. "दादा, मीटिंगमध्ये आवाज तुटतोय हो." आलेख त्या पोर्टवर साठ टक्केच दाखवत होता. दादांकडे काम करणारा पोरगा म्हणाला, वायफायचा प्रॉब्लेम असेल. दादांनी पाच मिनिटांचा आलेख बंद करून दर सेकंदाचा आकडा लावला. रेघ वर आपटत होती, खाली पडत होती, पुन्हा वर. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. त्यातले १८० सेकंद तार काठोकाठ आणि १२० सेकंद रिकामी असली, तरी सरासरी साठच येते. व्हिडिओ नळाच्या धारेसारखा येत नाही. प्लेअर पुढच्या काही सेकंदांचा तुकडा मिळेल तेवढ्या वेगाने ओढतो आणि गप्प बसतो. असे वीस-पंचवीस प्लेअर एकाच वेळी ओढायला लागले की मधे सापडलेल्या बोलण्याचे तुकडे होतात.

या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते. सरासरी पाहून जाळं चालवणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण ग्राहक सरासरीत राहत नाही, तो त्या १८० सेकंदांत राहतो. अमेरिकेत बेलकोरमध्ये लेलँड, तक्कू, विलिंगर आणि विल्सन यांनी इथरनेटवरचं दळणवळण बारकाईने मोजून १९९३-९४ मध्ये हे दाखवून दिलं. एर्लांगच्या गणितानुसार लहानमोठे झटके एकमेकांत मिसळून वाहतूक गुळगुळीत व्हायला हवी होती. ती होत नव्हती. शतांश सेकंदाच्या मापाने पाहा की शंभर सेकंदांच्या, खडबडीतपणा तसाच राहत होता. त्यांनी जे माप वापरलं ते हॅरल्ड हर्स्ट या जलशास्त्रज्ञाचं. नाइलवर धरण किती मोठं बांधावं, या प्रश्नासाठी हर्स्ट यांनी पुराच्या शेकडो वर्षांच्या नोंदी अभ्यासल्या आणि १९५१ मध्ये लिहिलं की पुराची वर्षं पुराच्या वर्षांना चिकटून येतात, कोरडी कोरड्यांना. धरण सरासरी पावसावर बांधता येत नाही आणि तारही सरासरी वापरावर घेता येत नाही. म्हणून दादा पोर्टचं शिखर सत्तर टक्क्यांच्या पुढे रोज जायला लागलं की नवी क्षमता मागवतात. शंभरची वाट पाहत नाहीत.

गंमत अशी की घाऊक बँडविड्थच्या बिलाची जगभर रूढ असलेली एक पद्धत याच्या नेमकी उलट आहे. महिन्याच्या ८,६४० नोंदी उतरत्या क्रमाने लावतात, वरच्या पाच टक्के, म्हणजे ४३२, सोडून देतात आणि त्यांच्या खालच्या आकड्यावर बिल काढतात. ४३२ नोंदी म्हणजे छत्तीस तास. एखादा अंतिम सामना त्यात फुकट बसतो. रोज रात्री दीड तास टिकणारा डोंगर बसत नाही.

भाकीत चुकलं आणि तार भरली तर पुढे काय? ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलीत चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला होता, कारण प्रत्येक संगणक हरवलेलं पुन्हा पुन्हा पाठवत सुटला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला: काही हरवलं की गर्दी आहे असं समजून पाठवणाऱ्यानेच वेग कमी करायचा. तो उपाय आज प्रत्येक फोनमध्ये आहे. पण मधल्या यंत्रांत साठवणूक फार मोठी ठेवली तर काही हरवतच नाही, रांग लांबत जाते आणि पाठवणाऱ्याला पत्ता लागत नाही.

हे दादांनी माझ्यासमोर करून दाखवलं. काळ्या पडद्यावर पिंगचे, म्हणजे पाकीट जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचे, आकडे उतरत होते: ६, ७, ६, ६ मिलिसेकंद. मग पोराने फोनवरून लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावले. ९०, १८०, २४०. नेट बंद पडलेलं नव्हतं, स्पीड टेस्टही पूर्ण येत होती, तरी बोलणं अशक्य. दादांनी राउटरमध्ये एफक्यू-कोडेल ही रांगेची पद्धत लावली. तिच्यात प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग मिळते आणि फार वेळ रेंगाळलेलं पाकीट टाकून दिलं जातं. आकडे उतरले: १४, ११, १२. व्हिडिओ चढतच राहिले.

एखादी विशिष्ट व्हिडिओ सेवाच हळू केली तर काम सोपं होईल, असं कुणालाही वाटेल. २०१८ मध्ये केंद्राने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं स्वीकारली आणि असा भेदभाव परवान्याच्या अटींबाहेर गेला. दादांचं कारण मात्र वेगळं आहे. ते म्हणतात, "कोणाच्या घरात काय बघतात ते मी का ठरवू? घराला घराएवढं मिळालं पाहिजे." गर्दीत ते घरागणिक सारखा वाटा लावतात. मला हे कायद्यापेक्षाही पटतं.

त्या फोनवाल्या सोसायटीच्या पोर्टवर आता ५८ घरं आहेत. कुठली घरं कुठल्या पोर्टवर न्यावी हे मोठ्या कंपन्या गणिताने काढतात. मुंबई आयआयटीत शिकलेल्या नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये शोधलेली रीत अशाच मोठ्या वाटपांसाठी वापरली गेली. दादांकडे वही आहे आणि पोरांना प्रत्येक जिना माहीत आहे. कोण रात्री ऑनलाइन शिकवणी घेतं, कोणाकडे तीन मुलं गेम खेळतात, कोणाचा मुलगा अमेरिकेच्या वेळेने काम करतो, असं पाहून त्यांनी जोड्या लावल्या. रात्री जागणारं एक घर आणि दिवसा वापरणारं एक घर, असे शेजारी एका पोर्टवर. रविवारी सामना आहे. शुक्रवारी सकाळी पोरं स्प्लायसिंग मशीन घेऊन जातील आणि त्यातली २७ घरं नव्या पोर्टवर जोडतील. प्रत्येक घराचं नेट तेवढ्यापुरतं बंद राहील, म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांना मेसेज करायचा, असं वहीत शेवटच्या ओळीला लिहिलंय.