लवणता, उष्णता आणि तलावातील सूक्ष्म कवचधारी

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. कोहळी समाजाच्या कौशल्याने उभ्या राहिलेल्या येथील माजी मालगुजारी तलावांवर भातशेती व ढीवरांची मासेमारी अवलंबून आहे. माशांच्या पिलांचे आरंभीचे खाद्य म्हणजे डॅफ्निया, मोइना, सायक्लॉप्स यांसारखे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव होत. शहापूरसारख्या गावाच्या परिसरात वैशाखात तलाव आटू लागला म्हणजे या जीवांचे काय होते, हे म्हणूनच समजून घेतले पाहिजे.

प्रथम परिभाषेविषयी. 'क्षार' हा शब्द मराठीत मीठ व अल्क या दोन्ही अर्थांनी रूढ असल्याने येथे 'लवणता' हा शब्द योजिला आहे. लिटरभर पाण्यात विरघळलेल्या लवणांचे ग्रॅममधील प्रमाण, एवढाच त्याचा अर्थ. 'गोडे पाणी' म्हणजे लवणरहित पाणी नव्हे. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण सुमारे ३५ ग्रॅम, तर गोड्या पाण्यात सामान्यतः अर्ध्या ग्रॅमहून कमी असते.

गोड्या पाण्यातील कवचधाऱ्यांचे देहद्रव भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतात. त्यामुळे तर्षणाने पाणी सतत आत शिरते व लवणे बाहेर झिरपतात. जादा पाणी बाहेर टाकणे आणि लवणे पुन्हा शोषून घेणे, हे काम त्यांना अहोरात्र करावे लागते व त्यासाठी ऊर्जा खर्चावी लागते. बाहेरील लवणता देहद्रवांच्या पातळीला पोचली की ही व्यवस्था कोलमडू लागते. प्रथम वाढ व प्रजनन मंदावते. मृत्यू नंतर येतो.

उष्णतेचा परिणाम याच ऊर्जेवर होतो. तापमान १० अंशांनी वाढले की चयापचयाचा वेग साधारणतः दुप्पट ते तिप्पट होतो. उलट, २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धारण करणारे पाणी ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅमच धारण करते. मागणी वाढते आणि पुरवठा घटतो. लवणांचा तोल राखण्यास बळ उरत नाही. यामुळे अनेक जातींची लवणे सोसण्याची शक्ती उष्ण पाण्यात कमी होते. सहनशीलतेची मर्यादा तापमानावाचून सांगणे म्हणूनच अपुरे होय. प्रयोगशाळेत २० अंशांना काढलेला आकडा विदर्भातील मे महिन्याला लावता येत नाही.

तलावात तर ही दोन्ही संकटे एकदमच येतात. पाण्याची वाफ होते, लवणे मागे राहतात. निम्मे पाणी असे उडून गेले की लवणता दुप्पट होते. लोणारच्या सरोवराला बाहेर वाट नसल्याने तेथे लवणे साचतच गेली. जून २०२० मध्ये पातळी घटून लवणप्रिय सूक्ष्मजीवांमुळे ते पाणी गुलाबी झाले होते. भंडाऱ्याचे तलाव मात्र पावसाळ्यात सांडव्यावाटे धुऊन निघतात. तेथील संकट हंगामी असते.

तो हंगाम डॅफ्निया व मोइना सुप्त अंड्यांच्या रूपाने काढतात. अनुकूल काळी माद्या नरावाचून संतती वाढवितात. प्रतिकूल काळी नर जन्मतात आणि खोगिराच्या आकाराच्या घट्ट कवचात अंडी गाळात पडून राहतात. नवे पाणी आले की ती उबतात. गाळाचा वरचा थर हा असा पुढील वर्षाच्या बियाण्याचा कणगा असतो. तलाव खोल करणे आवश्यक आहेच. परंतु सारा गाळ एकाच उन्हाळ्यात न उपसता काही भाग राखून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.