ओव्हरक्लॉकिंग : प्रोसेसरचा वेग वाढवण्याआधी हे समजून घ्या

डेस्कटॉप संगणक वापरणाऱ्या तरुणांमध्ये 'ओव्हरक्लॉकिंग' हा शब्द आता सर्रास ऐकू येतो. इंजिनीअरिंगची मुलं, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, डिझाइनची कामं घेणारे आणि गेम खेळणारे, सगळ्यांनाच एक गोष्ट हवी असते. नवा प्रोसेसर न घेता जुनाच जरा जोरात पळावा. 'एक रुपया न खर्चता संगणक फास्ट करा' असं सांगणाऱ्यांचीही कमी नाही. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. राहिलेलं अर्धं कोणी सांगत नाही आणि नुकसान तिथेच होतं.

आपल्याकडे बऱ्याच घरांत एकच संगणक असतो. त्यावर बहिणीचा प्रोजेक्ट असतो, भावाचे परीक्षेचे फॉर्म असतात, अब्बांच्या दुकानाचा हिशेब असतो. अशा संगणकावर प्रयोग करायचा तर तो समजून-उमजून करायला हवा. म्हणून ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमकं काय, त्यातून किती मिळतं आणि नवशिक्याने ते कोणत्या क्रमाने करावं, हे आपण इथे पाहू.

वेग ठरतो कसा?

प्रोसेसर एका ठेक्यावर काम करतो. मदरबोर्डवरून त्याला साधारण १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठेका मिळतो आणि प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. या आकड्याला मल्टिप्लायर म्हणतात. मल्टिप्लायर ४४ असेल तर वेग झाला ४,४०० मेगाहर्ट्झ, म्हणजेच ४.४ गिगाहर्ट्झ. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा हा आकडा वर नेणं, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

या छंदाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९९८ सालचं आहे. इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झच्या ठेक्यावर, ४.५ च्या मल्टिप्लायरने ३०० मेगाहर्ट्झवर चालायचा. लोकांनी ठेका ६६ चा १०० केला आणि त्यातले बरेच प्रोसेसर सहज ४५० मेगाहर्ट्झवर चालू लागले. म्हणजे वेगात थेट ५० टक्के वाढ. ओव्हरक्लॉकिंगची कीर्ती झाली ती अशा किश्श्यांमुळे.

आज तसं होत नाही. कारण आता कंपनी हे काम आधीच करून देते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० चा मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ आहे, पण गरज पडली की तो स्वतःहून ४.४ पर्यंत जातो. इंटेलमध्ये याला टर्बो बूस्ट म्हणतात. पूर्वी जी जागा आपल्यासाठी शिल्लक असायची, ती आता प्रोसेसर स्वतःच वापरतो. आपल्या हाती बहुतेक वेळा पाच-दहा टक्केच उरतात.

पाच-दहा टक्के म्हणजे किती? समजा वेग ४.२ वरून ४.६ गिगाहर्ट्झ झाला. जो व्हिडिओ एक्स्पोर्ट व्हायला २० मिनिटं लागायची, तो फार तर सव्वाअठरा मिनिटांत होईल. पावणेदोन मिनिटं वाचली. त्यासाठी काय मोजावं लागतं, ते आता बघू.

खरा हिशेब उष्णतेचा

वेग वाढवला की एका मर्यादेनंतर प्रोसेसरला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, नाहीतर तो अडखळतो. आणि गडबड इथेच आहे. प्रोसेसर खात असलेली वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ४.२ वरून ४.६ गिगाहर्ट्झ केला आणि त्यासाठी व्होल्टेज १.२० वरून १.३५ केलं, तर वेग साडेनऊ टक्के वाढतो आणि वीज साधारण ३९ टक्के. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ६५ वॅट बाहेर टाकणाऱ्या कूलरला आता ९० वॅट टाकायचे आहेत.

दुसरी गोष्ट आपल्या हवामानाची. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीत २५ अंश असताना प्रोसेसर ७५ अंशांवर असेल, तर खोली ४० अंशांवर गेली की तोच प्रोसेसर ९० च्या आसपास पोचणार. थंड देशांत बसून दिलेले आकडे मराठवाडा-विदर्भातल्या मे महिन्यात, पत्र्याच्या छताखाली लागू पडत नाहीत. रायझन ५ ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे, इंटेलच्या १२व्या पिढीच्या आय५ ची १०० अंश. तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. म्हणजे वेग वाढवायला गेलो आणि उलट कमी करून बसलो! म्हणून डिसेंबरात जमवलेलं सेटिंग एप्रिलमध्ये पुन्हा तपासायलाच हवं.

तुमच्या संगणकात हे होतं का?

इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'के' असलेले प्रोसेसरच यासाठी खुले असतात, उदाहरणार्थ आय५-१२६००के. सोबत झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो. आय५-१२४०० असेल तर मल्टिप्लायर बंद आहे, विषय संपला. एएमडीचे बहुतेक डेस्कटॉप रायझन खुले आहेत, पण बोर्ड बी४५०, बी५५० यांसारखा किंवा एक्स मालिकेचा हवा. ए३२० आणि ए५२० बोर्डवर हे होत नाही. ऑफिसात वापरलेले जुने ब्रँडेड डेस्कटॉप सेकंडहँड बाजारात खूप मिळतात. त्यांच्या बायोसमध्ये हे पर्याय बहुधा नसतातच. लॅपटॉपच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये.

आधी फुकटची कामं

आमचा आग्रह आहे की प्रोसेसरला हात लावण्याआधी ही चार कामं करा. अनेकांचं समाधान इथेच होतं.

पहिलं, संगणक बंद करून, प्लग काढून, कूलरमधली धूळ साफ करा. कूलरखालची थर्मल पेस्ट सुकली असेल तर नवी लावा. दुसरं, रॅमचा वेग तपासा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर तो दिसतो. ३२०० ची रॅम घेऊनही ती २१३३ किंवा २६६६ वर चालत असते, कारण बायोसमधलं एक्सएमपी प्रोफाइल कोणी चालूच केलेलं नसतं. तिसरं, रॅमची एकच पट्टी असेल तर तसलीच दुसरी बसवल्याने बऱ्याच कामांत प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकपेक्षा जास्त फरक पडतो. हे फुकट नाही, पण पैसे वसूल आहेत. चौथं, विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल तर आधी एसएसडी घ्या. संगणक हळू सुरू होण्याचं दुखणं प्रोसेसरचा वेग वाढवून जात नाही.

मग पायऱ्या

१. महत्त्वाच्या सगळ्या फाइल्सचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. ही पायरी टाळायची असेल तर पुढचं वाचूच नका.

२. मदरबोर्डचं बायोस अद्ययावत करा, पण वीज जाणार नाही याची खात्री असेल तेव्हाच; यूपीएस किंवा इन्व्हर्टर असेल तर उत्तम. बायोस लिहिलं जात असताना लाइट गेली तर बोर्ड सुरूच न होण्याची वेळ येते.

३. आजची स्थिती मोजा. एचडब्ल्यू-इन्फो हे सॉफ्टवेअर तापमान आणि व्होल्टेज दाखवतं. सिनेबेंचची दहा मिनिटांची चाचणी चालवा आणि गुण, कमाल तापमान, खोलीचं तापमान वहीत लिहा. इथेच ८५ अंशांच्या वर जात असेल, तर थांबा. आधी कूलर बदला.

४. रायझन ५००० किंवा त्यापुढचा प्रोसेसर असेल तर मल्टिप्लायर हाताने ठरवू नका. बायोसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह चालू करा आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोअरना उणे १० द्या. याने व्होल्टेज थोडं कमी होतं, प्रोसेसर गार राहतो आणि गार राहिल्यामुळे जास्त वेळ वरच्या वेगात टिकतो. नवशिक्यासाठी सगळ्यात शहाणा मार्ग हाच.

५. इंटेलचा 'के' प्रोसेसर असेल तर मल्टिप्लायर एका वेळी एकानेच वाढवा. दर पायरीला विंडोज सुरू करा, चाचणी घ्या, वहीत लिहा. अडखळला की एक पायरी खाली या. थोडं व्होल्टेज वाढवायचंच असेल तर ०.०१ ते ०.०२ व्होल्टच्या टप्प्याने वाढवा आणि हाताने १.३० च्या पुढे जाऊ नका.

६. शेवटी लांब चाचणी घ्या. प्राइम९५ हे सॉफ्टवेअर मुळात प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी बनलं. एक चूक झाली तरी सगळं गणित वाया जातं, म्हणून ते आपलंच उत्तर तपासत राहतं आणि प्रोसेसर चुकला की लगेच सांगतं. तास-दोन तास चालवा आणि तापमानावर नजर ठेवा. नंतर आठवडाभर रोजची कामं करा. कर्व्ह ऑप्टिमायझरचा आकडा जास्त झाला असेल तर संगणक पूर्ण भारात ठीक चालतो आणि निवांत असताना अचानक रीस्टार्ट होतो. हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

संगणक सुरूच झाला नाही तर घाबरू नका. वीज बंद करा, प्लग काढा, मदरबोर्डवरचा छोटा सेल काही मिनिटं काढून पुन्हा बसवा. बायोस मूळ स्थितीत येतं.

व्होल्टेजशी खेळ नको

वेग जास्त झाला तर संगणक बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. व्होल्टेज जास्त झालं तर प्रोसेसर कायमचा जाऊ शकतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये एएमडीचे काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर बोर्डवरच जळाल्याचं समोर आलं. मेमरी प्रोफाइल चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते. पुढे बायोस अपडेटने ते १.३० व्होल्टवर रोखलं गेलं. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्येही वाढीव व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचं कंपनीने मान्य केलं, सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. कंपन्यांच्या हातूनही जिथे असं होतं, तिथे आपण जपून राहिलेलं बरं.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करू. रायझन आपल्या मनाने चालत असताना क्षणभर १.४ च्या वर व्होल्टेज दाखवतो. ते एक-दोन कोअरच्या हलक्या कामापुरतं असतं. तो आकडा पाहून 'कंपनीच देते, मग आपण कायमचा ठेवू' असं करू नये. सगळे कोअर पूर्ण भारात असताना तेच व्होल्टेज घातक ठरतं.

ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान दोन्ही कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही, हेही लक्षात असू द्या. आणि मित्राचा तोच प्रोसेसर ४.७ वर चालतो म्हणून आपलाही चालेल असं नाही. एकाच कारखान्यातल्या दोन चिप सारख्या निघत नाहीत.

कोणी करू नये?

ज्या संगणकावर घराची रोजी-रोटी चालते, त्यावर हा प्रयोग करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. डीटीपीचं दुकान, ऑनलाइन फॉर्म भरण्याचं केंद्र, हिशेबाचा संगणक इथे पाच टक्के वेगापेक्षा भरवसा मोठा. अस्थिर प्रोसेसर दर वेळी निळा पडदा दाखवून सावध करत नाही. कधी तो गुपचूप एखादी चूक करतो आणि फाइल खराब होऊन बसते. ती उघडेपर्यंत कोणाला कळतही नाही.

बाकी ज्यांना शिकायचंय त्यांनी जरूर शिकावं. वही-पेन घेऊन, एका वेळी एकच बदल करून, मोजून पाहून पुढे जायची जी सवय यातून लागते, ती पुढे कुठल्याही तांत्रिक कामात उपयोगी पडते. पालकांनीही मुलाने संगणकाचं झाकण उघडलं म्हणून लगेच रागावू नये. बॅकअप घेतलास का, एवढं आधी विचारावं. 'हो' असं उत्तर आलं तर त्याच्या शेजारी बसून बघायला हरकत नाही.