जीपखालची विसरलेली तेले

२०२१ची बकरी ईद २१ जुलैला झाली आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात घुसले. आमचे घर थोडे उंचावर, म्हणून अंगणातल्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपच्या चाकांच्या मध्यापर्यंतच पाणी चढले. ओसरल्यावर इंजिनाचे ऑईल पाहिले, स्वच्छ होते. चावी फिरवली, गाडी सुरू झाली. अल्लाहचे शुक्र मानले आणि विसरून गेलो.

दोनेक महिन्यांनी मागून घोंघावल्यासारखा आवाज येऊ लागला. अब्बांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा, आणि वाटेतल्या फरशीवर पाणी असले की जीपशिवाय दुसरी गाडी जात नाही. गॅरेजच्या बिलावर तर प्रत्येक वेळी ‘सर्व ऑईल बदलले’ असेच असायचे.

कुवेतला वर्षानुवर्षे गाड्यांची कामे करून आलेले मामू एकदा असरनंतर जीपखाली शिरले. मागच्या डिफरन्शियलच्या भरण्याच्या बोल्टवरचा जुना रंगही शाबूत होता. म्हणाले, “अरे, याला कुणी पाना लावलेलाच नाही!” बोल्ट उघडला, तर आतून तेल नव्हे, दुधाळ चहा आला.

असे का होते, ते मामूंनी समजावले. चालून गरम झालेली डिफरन्शियल थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि ओढ तयार होते. हवा जायची बारीक नळी, म्हणजे ब्रीदर, मातीने बंद असेल तर ती ओढ सीलच्या फटीतून पाणी आत घेते. उघडा असून बुडाला तर त्यातूनच पाणी शिरते. पुरात गाडी थंड उभी होती, तरी दिवसभर पाण्यात राहून सीलमधून झिरपले असणार. शिवाय आम्ही पावसाळाभर तापलेली गाडी फरशीवरून नेतच होतो. आता आम्ही ब्रीदरला लांब रबरी नळी जोडून ती वर इंजिनापाशी बांधली आहे.

फोर-व्हील गाडीत तेल एका जागी नसते. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढची आणि मागची डिफरन्शियल. आमच्या गाडीत पाच ठिकाणे. इंजिनाचे काम सोपे. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. जीप उंच असल्याने जॅक लागत नाही. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, घाई असली तरी. इंजिन थोडे गरम करून चेंबरचा बोल्ट काढायचा, घमेले आधीच लावलेले हवे. नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचे बोट लावून तो हातानेच आवळायचा. बोल्टचा वायसर नवा.

डिफरन्शियलला मात्र एक नियम आम्ही भिंतीवर लिहून ठेवला आहे: आधी भरण्याचा बोल्ट उघडा, मगच खालचा. खालचा उघडून तेल सांडले आणि वरचा गंजून बसला असेल, तर गाडी तिथेच अडकली. नवे तेल भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत आले की पुरे. या तेलाला गंधकाचा वास येतो, अम्मी त्या दिवशी खिडक्या लावून घेतात. गिअरबॉक्सला कोणते तेल ते गाडीच्या पुस्तकात पाहावे. जीएल-४ लिहिलेले असेल तिथे डिफरन्शियलचे जीएल-५ उरले म्हणून ओतू नये. पितळी भागांना ते बाधू शकते.

मागचे तेल आम्ही लागोपाठ दोनदा बदलले. पहिले दोन दिवस चालवून काढून टाकले, आतली ओल धुवून निघावी म्हणून. एक बेअरिंग गंजलेले निघाले, ते मिस्त्रीकडूनच बसवून घेतले. ते आमच्या हातचे काम नव्हे. गिअरचे दाते वाचले. आवाज कमी झाला, पूर्ण गेला असे म्हणवत नाही.

आता पावसाळा संपला की दोन्ही बोल्ट उघडून तेलाचा रंग बघतो. धाकटी टॉर्च धरते आणि तारीख वहीत लिहिते. अब्बा ओट्यावरून विचारतात, “चहा की तेल?”

काळ्या ऑईलचे कॅन मात्र परसात साठले होते. शेजारच्या चाचांनी वाळवीसाठी लाकडाला फासायला मागितले, आम्ही दिले नाही. त्यांची आणि आमची विहीर एकच. वापरलेले ऑईल कायद्यानेही घातक कचराच आहे. अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी गोळा करणाऱ्या एकाचा पत्ता मामूंनी शोधला, आणि अब्बांना दवाखान्यात सोडून येताना कॅन तिकडे पोहोचवले.