क्वालालंपूरचे स्वस्त तिकीट

क्वालालंपूरला स्वस्तात कसे जायचे, असे मला अलीकडे बरेच जण विचारतात. कवीला विचारावा असा हा प्रश्न नाही. पण माझी भाची तिथे नोकरी करते, घरातले कोणी ना कोणी तिच्याकडे जात-येत असते आणि तिकीट काढायचे काम बहुधा माझ्या वाट्याला येते. त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. पडद्यावर दिसणारा आकडा हा प्रवासखर्चाचा फक्त एक भाग असतो. आपल्या उंबऱ्यापासून तिकडच्या उंबऱ्यापर्यंतची बेरीज करावी आणि मगच स्वस्त-महाग ठरवावे.

पूर्वी मलायाला जाणारा सामान्य माणूस बोटीने जाई. १९२६ साली बांधलेली ‘राजुला’ मद्रास आणि नागपट्टणमहून पेनांग-सिंगापूरकडे जात असे. डेकवरचा उतारू आपली वळकटी सोबत घेई आणि मिळेल त्या जागेवर पसरी. आजच्या कमी दराच्या विमानसेवेचे तत्त्व फारसे वेगळे नाही. २००१ साली टोनी फर्नांडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्जात बुडालेली एअर एशिया ही कंपनी अवघ्या एका रिंगिटला, पण कर्जासकट, विकत घेतली. एकाच जातीची विमाने ठेवायची, म्हणजे वैमानिकांचे शिक्षण आणि सुटे भाग यांवरचा खर्च आटोक्यात राहतो. विमान जमिनीवर कमीत कमी वेळ थांबवायचे. जेवण, सामान, खिडकीची जागा यांचे पैसे वेगळे घ्यायचे. या पद्धतीचा प्रवासी इतका वाढला की २००६ मध्ये क्वालालंपूरला त्यासाठी वेगळे साधे टर्मिनल उघडावे लागले, आणि २०१४ मध्ये त्याच्या जागी मोठे टर्मिनल आले. त्यालाच आता टर्मिनल २ म्हणतात.

आता आपल्याकडून जायचे कसे? मुंबईहून थेट विमानाला साधारण पाच तास लागतात. चेन्नईहून चार. चेन्नई, तिरुचिरापल्ली, कोची या दक्षिणेतल्या शहरांतून क्वालालंपूरला कमी दराची विमाने जातात. ब्रिटिश अमदानीत रबराच्या मळ्यांवर गेलेल्या तमिळ कुटुंबांचे वंशज आज मलेशियाचे नागरिक आहेत. त्यांची ये-जा कधी थांबली नाही. जिथे उतारू पुष्कळ आणि विमाने पुष्कळ, तिथे दर उतरतात. म्हणून तिरुचिरापल्लीचे तिकीट अनेकदा मुंबईच्या तिकिटापेक्षा स्वस्त दिसते आणि मोह होतो.

या मोहाची किंमत माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी मोजली. नातवाला पाहायला ते पती-पत्नी निघाले होते. आयुष्यातला पहिलाच परदेश प्रवास. पुणे ते चेन्नई एक तिकीट आणि चेन्नई ते क्वालालंपूर दुसऱ्या कंपनीचे वेगळे तिकीट. मुंबईच्या थेट विमानापेक्षा हे काही हजारांनी स्वस्त पडले होते. पुण्याचे विमान अडीच तास उशिरा सुटले. चेन्नईला सामान ताब्यात घेऊन परदेशी उड्डाणाच्या खिडकीपर्यंत पोहोचेतो ती बंद झाली होती. तिकिटे वेगळी, त्यामुळे पहिल्या कंपनीवर पुढच्या विमानाची जबाबदारी नव्हती, आणि दुसरीच्या हिशेबी हे दोघे आलेच नव्हते. आयत्या वेळी नवी तिकिटे काढावी लागली. त्यात दोन महिन्यांची पेन्शन गेली. मधे विमान बदलायचेच असेल, तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. ते जमत नसेल, तर आदल्या दिवशीच चेन्नईला जाऊन मुक्काम करावा आणि त्या मुक्कामाचा खर्चही बेरजेत धरावा.

दर रोज का बदलतात? विमानात १८० जागा असल्या, तरी त्या सगळ्या एका भावाने विकल्या जात नाहीत. जागांचे गट पाडलेले असतात. सर्वांत स्वस्त गटात थोड्याच जागा. त्या संपल्या की पुढचा, महाग गट उघडतो. इथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. चौघांची तिकिटे एकदम शोधली आणि स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असल्या, तर बहुतेक वेळा चौघांनाही वरचा भाव लागतो. म्हणून आधी एकासाठी दर पाहावा, मग चौघांसाठी. फरक मोठा दिसला, तर दोन-दोन तिकिटे वेगळी काढता येतात. मात्र लहान मूल किंवा वृद्ध माणूस एकट्याच्या तिकिटावर जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

तारखांचा विषय माझ्या विशेष जिव्हाळ्याचा. मे महिन्याची सुट्टी, दिवाळी आणि डिसेंबरअखेर हा आपल्याकडचा महागाईचा काळ सर्वांना ठाऊक असतो. तिकडचे सण मात्र आपण विसरतो. मलेशियात रमजान ईद आणि चिनी नववर्ष या दोन्ही वेळी लोक गावी निघतात. ईद चंद्रावर चालते, त्यामुळे दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २००० साली ती डिसेंबरअखेर होती, २०२६ मध्ये मार्चमध्ये. २०२९ साली ईद आणि चिनी नववर्ष फेब्रुवारीच्या मध्याला एकमेकांना जवळजवळ खेटून येतील. तेव्हाचे दर चढे असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. ईदच्या चंद्रावर आम्ही कवींनी पुष्कळ लिहिले. तो तिकिटाचे भावही ठरवतो, हे कुणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही.

सामानाचे गणित आईच्या मायेशी जोडलेले आहे. लेकीसाठी कोकम, घरचा मसाला आणि लोणच्याची बरणी जाणारच. कमी दराच्या विमानात हातातल्या सामानाला साधारण सात किलोची मर्यादा असते आणि तेलातले लोणचे सुरक्षा तपासणीत आत नेऊ देत नाहीत. म्हणजे खाली टाकायच्या बॅगेचे पैसे आले. ते तिकिटाबरोबरच भरावेत. विमानतळाच्या खिडकीवर तेच वजन बरेच महाग पडते. बॅग आणि जेवण धरून बेरीज केली की नेहमीच्या कंपनीचे तिकीट कधीकधी बरोबरीला येते.

पोहोचल्यावरही खर्च आहेच. विमानतळ सेपांगला आहे, शहरापासून पन्नासएक किलोमीटर दूर. टर्मिनल २ वरून जलद रेल्वे शहरात सुमारे ३३ मिनिटांत पोहोचते. बस सावकाश जाते, पण तिचे भाडे रेल्वेपेक्षा बरेच कमी. मध्यरात्रीनंतर काही तास रेल्वे बंद असते. त्या वेळी उतरणाऱ्या स्वस्त विमानाच्या दरात टॅक्सी मिळवून पाहावी.

व्हिसाचा खर्च सध्या तरी वाचतो. १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीय पर्यटकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आणि ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली. पुढची तारीख असेल, तर आधी नियम पाहावा, मग तिकीट काढावे. पोहोचण्यापूर्वीच्या तीन दिवसांत आगमनाचा अर्ज संगणकावरून भरायचा असतो. सरकार त्याचे पैसे घेत नाही. कुणी मागितले, तर तो मध्यस्थ समजावा.

आणखी एक हक्क पुष्कळांना माहीत नसतो. पैसे परत न मिळणारे तिकीट रद्द केले, तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क भारतीय विमान कंपन्यांनी परत करायचे असते. ते मागून घ्यावे.

वर्षातून चार वेळा उडणाऱ्या माणसाचे एखादे विमान चुकले, तर त्याचा एक दिवस जातो. नातवाला पाहायला आयुष्यात एकदाच निघालेल्या आजी-आजोबांचे मात्र सगळेच पणाला लागलेले असते. त्यांच्यासाठी तिकीट शोधताना थोडे जास्त पैसे देऊन थेट, दिवसा पोहोचणारे विमान घ्यावे. पूर्ण बेरीज मांडली, तर पुष्कळदा तेच स्वस्त ठरते.