मामू, हे कुणी पाठवलं?

मय्यतीची खबर, जनाजाच्या नमाजची वेळ, कुणाला रक्त हवे असल्याची हाक. मोहल्ल्याची ही कामे आता व्हॉट्सॲप ग्रुपवर होतात. सोलापूर सोडून पुण्या-मुंबईला, आखातात गेलेलेही लगेच दुःखात सामील होतात. सोय मोठीच आहे.

पण त्याच वाटेने अफवाही येते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना मारून टाकले. ते नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागून जगणारे. बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले. टोळी आल्याचे मेसेज आधीपासून फिरत होते. पाठवणाऱ्या कित्येकांना आपण शेजाऱ्यांना सावध करतोय असेच वाटले असणार.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. आपल्याकडे ताकीद फार जुनी आहे. सूरह हुजुरातची सहावी आयत आलेल्या खबरीची शहानिशा करायला सांगते, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान होईल.

मेसेजवर दोन बाण दिसले, की तो बऱ्याच हातांतून आला आहे असे समजावे. थोरांना विचारणे अवघड जाते खरे, तरी अदबीने विचारावे, "मामू, तुम्हाला हे कुणी पाठवलं?" बहुधा त्यांनाही आठवत नसते.