आडनावातलं गाव आणि तिथली कबर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढला आहे. बोलताना राहून गेलेल्या एकदोन गोष्टी मध्ये घातल्यात.

सुरुवात एका निरोपापासून करतो. इस्रायलमधल्या एका श्रोत्यांनी मराठीत लिहिलं होतं, "आमच्या आडनावात गाव आहे. त्या गावात पणजोबांची कबर आहे, असं आजी सांगायची. ती अजून आहे का, एवढंच बघून सांगाल?" प्रश्न दोन ओळींचा होता. उत्तर शोधताना दोन दिवस गेले, आणि हा भाग झाला.

आधी थोडी पार्श्वभूमी. बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांची परंपरा सांगते, की फार पूर्वी चौलजवळच्या समुद्रात त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. किनाऱ्याला लागलेली प्रेतं अलिबागजवळच्या नवगावला पुरली, पुरुषांची एका ठिकाणी आणि बायकांची दुसऱ्या. हे कधी घडलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण गंमत बघा, या समाजाची गोष्टच मुळी दफनभूमीपासून सुरू होते. नवगावला आज त्याचं स्मारक उभं आहे.

वाचलेले लोक गावोगाव पांगले. तेलाचे घाणे चालवायचे, शेती करायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायला लागले. आडनावंही गावांवरूनच पडली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर, चेऊलकर, अष्टमकर. अभिनेते डेव्हिड यांचं आडनावही चेऊलकरच. आता विचार करा, एका गावात चार-पाच घरं आणि दुसऱ्यात दहा. माणूस गेला की लांब न्यायची सोय नाही. त्यामुळे जागोजागी छोट्या दफनभूमी झाल्या. अलिबागला इस्रायल आळी आहे, तिथे 'मागेन अबोथ' हे सिनेगॉग आहे. पण लहान गावात पुष्कळदा सिनेगॉग नव्हतंच. गावाबाहेरच्या कबरी हीच तिथली एकमेव खूण.

मग या जागांची अवस्था अशी का झाली? तीन कारणं आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं, माणसं गेली. आधी पलटणीत, गोदीत, रेल्वेत नोकऱ्या लागल्या म्हणून मुंबईला, आणि 1948 नंतर इस्रायलला. 2011च्या जनगणनेत सगळ्या भारतात मिळून ज्यू पाच हजारांच्या आत होते. 'कद्दीश' ही मृतांच्या आठवणीतली प्रार्थना म्हणायला रूढ नियमानं दहा प्रौढ पुरुष लागतात. ज्या तालुक्यात दहा माणसं जमत नाहीत, तिथे दफनभूमीकडे कोण जाणार?

दुसरं, कोकणातला पाऊस. चार महिन्यांत रान कमरेपर्यंत येतं. पिंपळाचं रोप जांभ्याच्या गडग्यात रुजलं की दहा-पंधरा वर्षांत गडगा फोडतं. खारं वारं दगडाचा पृष्ठभाग खातं आणि अक्षरं पुसट होतात. संगमरवरी पाट्या असतील तर त्यांना पाय फुटतात. म्हणूनच मी ज्या गावी गेलो, त्याचं नाव सांगत नाही.

तिसरं, जमीन. ज्यू धर्मात कबर कायमची असते. जुनी कबर उकरून तिथे दुसऱ्याला पुरत नाहीत आणि हाडं हलवत नाहीत. हिब्रूत दफनभूमीला 'बेथ हाईम', म्हणजे जिवंतांचं घर, असंही म्हणतात. पण सातबारा असा विचार करत नाही. शेजारच्या जमिनीचा भाव वाढला की बांध दरवर्षी हातभर आत सरकतो आणि हरकत घ्यायला कोणी नसतं. जागा ट्रस्टच्या नावावर नोंदलेली असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. हे मोठं संरक्षण आहे, पण आधी नोंद हवी. जुनं आहे म्हणून पुरातत्त्व खातं आपोआप सांभाळतं, हाही गैरसमज. शासनानं स्मारक म्हणून जाहीर केलं तरच ते संरक्षित. 2016 साली महाराष्ट्रानं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, पण त्यानं कुठल्या गडग्याची डागडुजी आपोआप होत नाही.

आता मी काय पाहिलं ते सांगतो. रस्ता विचारला तेव्हा एका आजींनी लगेच हात केला, "ते इस्रायलांचं ना? त्या आंब्याच्या पलीकडं." सत्तर वर्षांपूर्वी गेलेले शेजारी त्यांच्या बोलण्यात अजून होते. आत करवंदीची जाळी. पंचवीसेक कबरी मोजता आल्या, लेख फक्त नऊंवर वाचता आला. वर हिब्रू, खाली मराठी. 'पे' आणि 'नून' ही दोन अक्षरं दिसली की समजायचं, 'इथे दफन आहे'.

साल कसं वाचायचं? हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. हजार बहुधा लिहीत नाहीत. तव म्हणजे 400, रेश 200, सामेख 60, हे 5. बेरीज 665. त्यात 1240 मिळवले की 1905. ज्यू वर्ष शरद ऋतूत सुरू होतं, म्हणून मृत्यू 1904च्या शेवटच्या महिन्यांतलाही असू शकतो. एवढं गणित आलं तर हिब्रू न येणारा माणूससुद्धा कबरीचं साल सांगू शकतो.

तुमच्या गावाजवळ अशी जागा असेल, तर उत्साहाच्या भरात नुकसान करू नका. ॲसिड नको, तारेचा ब्रश नको, अक्षरांत ऑइलपेंट तर अजिबात नको. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरे. दगड डुगडुगत असेल तर हातही लावू नका. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढा, पुसट अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. झाड मुळासकट उपटू नका, कबर उचकटते. आणि काही करण्याआधी जवळच्या सिनेगॉगच्या मंडळींना विचारा. जागा त्यांची आहे, आपण मदतनीस.

राहिला तो प्रश्न. पणजोबांची कबर सापडली का? नाही. नऊ लेखांत ते नाव नव्हतं. उरलेल्या सोळांपैकी एखादी त्यांची असेल, पण आता दगड सांगत नाही. मी तसंच कळवलं आणि सगळे फोटो पाठवले. वाटलं होतं, ते हिरमुसतील. उत्तर आलं, "मग सगळ्यांवर एकेक खडा ठेवाल का?" ज्यू लोक कबरीवर फुलांऐवजी खडा ठेवतात, कोणीतरी येऊन गेलं याची खूण म्हणून.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. पंचवीस खडे ओढ्यातून वेचून नेले होते. जाळीत शिरल्यावर सव्वीसावी कबर दिसली. तिच्यासाठी परत ओढ्यावर जाऊन आलो.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या गावात अशी एखादी जागा असेल, तर पाऊस सुरू व्हायच्या आधी एक चक्कर टाका, आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी बोलून या. भेटू पुढच्या भागात.