आवाज का बसतो?

येवल्याची संक्रांत म्हणजे तीन दिवस पतंगांची धामधूम. गच्चीगच्चीवरून आरोळ्या चालतात आणि करीनंतर शाळा भरते तेव्हा बरीच मुले घोगऱ्या आवाजात ‘हजर’ म्हणतात. आवाज बसतो म्हणजे नेमके काय होते?

श्वासनलिकेच्या तोंडाशी स्वरयंत्र असते. त्यातील दोन स्वरतंतू खरे पाहता तंतू नव्हेत. त्या मऊ पटलाच्या घड्या आहेत. फुप्फुसांतील हवा त्यांना अलग करते, त्या पुन्हा मिटतात. पुरुष बोलतो तेव्हा हे सेकंदाला सुमारे १०० ते १३० वेळा घडते, स्त्री बोलते तेव्हा सुमारे २०० वेळा. पैठणीच्या मागावरचा धागा अधिक ताणला की त्याचा स्वर चढतो, स्वरतंतूंचेही तसेच.

ओरडताना या घड्या एकमेकींवर जोराने आपटतात व सुजतात. सुजलेली घडी जड होते, म्हणून सावकाश कंप पावते आणि आवाज उतरतो. कडा नीट जुळत नाहीत, फटीतून हवा निसटते आणि आवाज घोगरा होतो. दोन-चार दिवसांच्या विश्रांतीने सूज ओसरते. पण रोजच ताण पडला, तर विणकराच्या हाताला घट्टे पडतात तशा तेथे गाठी येतात. दिवसभर मोठ्याने शिकवणाऱ्या शिक्षकांना हा धोका विशेष. त्यांची तर भाकरीच आवाजावर!

१८५४ साली मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने दोन आरसे आणि सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू पाहिले. आज घशाचे डॉक्टर दुर्बिणीने तपासतात आणि वाचा-उपचारतज्ज्ञ श्वास व आवाज नीट वापरायला शिकवतात. अनेक गाठी अशा सरावाने, शस्त्रक्रियेवाचून, बऱ्या होतात. तोतरेपणा, बहिऱ्या मुलांचे बोलणे, पक्षाघाताने गेलेली वाचा हेही त्यांचेच काम.

तुम्हांला हे काम आवडेल? मग बारावीला विज्ञान घ्या. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यातले एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते. मुंबईत नायर रुग्णालयात हे शिक्षण १९६६ पासून मिळते. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची, म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ ची. येथे ध्वनीचे भौतिकशास्त्र आणि शरीरशास्त्र दोन्ही लागतात. त्याहून अधिक लागतो तो धीर.

तोवर एवढे करा: आवाज बसला तर कुजबुजूही नका, त्यानेही ताण पडतो. पाणी पीत राहा, गप्प बसा. तीन आठवड्यांनंतरही घोगरेपणा गेला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. आणि वर्गात शांत राहा. तुमच्या गुरुजींचा आवाज तुमच्या गोंगाटावर चढत असतो!